टेपच्या वर आलेलं पाणी

१

झोपून असलेल्या माणसाच्या घरात भिंतीला फार महत्त्व येतं. माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, उजवी बाजू झटक्यात गेली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हापासून ती बहुतेक वेळ डाव्या कुशीवर असते आणि त्या कुशीवर तिच्यासमोर येते भिंत. भिंतीला पोपडे आले होते. त्यातल्या एका पोपड्यात तिला बकरी दिसायची. "बकरी," ती म्हणायची. "हो, बकरी," मी म्हणायची. झाली आमची करमणूक. टीव्ही लावला की ती डोळे मिटून घ्यायची. कोर्टात टायपिस्ट म्हणून जन्म काढलेली बाई. लोकांची भांडणं तिनं पगार घेऊन ऐकली होती, फुकट कशाला ऐकेल?

म्हणून मी ठरवलं, हिच्यासमोर समुद्र आणून ठेवायचा.

मी जन्मभर मोटारी रिवाइंड केल्या. पंखे, मिक्सर, पाणी चढवायचे पंप. कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडली, वेढे मोजत जुनी तार काढली आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे घातले. चालली. मग दुसरी उघडली. तेव्हा काचेच्या पेटीत समुद्र करायचा म्हटल्यावर मी काही घाबरले नाही. माशांच्या दुकानात जाऊन मी थेट सांगितलं, "बुटके समुद्रघोडे द्या, आणि चांगली ऐसपैस टाकी द्या."

दुकानदार गोल चेहऱ्याचा, सतत गाल फुगवून विचार करणारा माणूस. मनातल्या मनात मी त्याचं नाव फुगामासा ठेवलं.

"काकू, ह्यांना मोठी टाकी नाही द्यायची," तो म्हणाला. "नखाएवढे जीव. खाणं शोधत फिरत नाहीत. शेपटीनं काहीतरी धरून बसतात, आणि तोंडापुढून गेलं तर ओढून घेतात. मोठ्या टाकीत खाणं पांगतं. हे बसल्या जागी उपाशी मरतात."

मला खोटं पाडून कोणी खरं बोललं की माझा तिळपापड होतो. पण मी ऐकते. दोन बादल्या पाणी मावेल एवढीच टाकी घेऊन घरी आले.

ताईच्या डोळ्यांच्या रेषेत टेबल ठेवलं, त्यावर टाकी. समुद्राचं मीठ मिळतं ते पाण्यात कालवून रात्रभर हवा सोडून ठेवलं. स्पंजचा फिल्टर बसवला. हवेचा पंप घूं घूं करत होता, त्याच्या बुडाचा रबर बदलला, तेव्हा गप्प बसला. मूठभर दगड, धरून बसायला हिरवं शेवाळ आणि बारीक पात्यांचं प्लास्टिकचं गवत. घोडे आले ते शेवटी, पिशवीतून.

पाणी वाफ होऊन उडतं, पण मीठ उडत नाही. त्यामुळे रोज जेवढं पाणी कमी होईल तेवढं साधंच पाणी वरून घालायचं, खारं नाही. हे नेमकं कळावं म्हणून मी काचेवर बाहेरून निळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवली. पाणी टेपच्या खाली गेलं की टेपपर्यंत भरायचं. विषय संपला.

२

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी बाटली. उलट्या टांगलेल्या बाटलीत खाऱ्या पाण्यात आर्टेमिया नावाच्या किड्याची अंडी घालून खालून हवा सोडायची; दुसऱ्या दिवशी ती फुटतात. मग हवा बंद करून बाजूला दिवा धरायचा. नुकती जन्मलेली नारिंगी पिल्लं उजेडाकडे ढगासारखी गोळा होतात. नळीनं ओढायची, कापडावर गाळायची, धुवायची आणि घोड्यांना द्यायची. जिवंत खाण्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. मग टेपपर्यंत पाणी. मग चहा.

ताईला हे सगळं फार आवडायचं. सकाळी घोडे एकमेकांभोवती गोल फिरायचे, शेपटीत शेपटी अडकवून. ती हसायची, अर्ध्या तोंडानं. "बारके," तिनं नाव ठेवलं. कित्येक महिन्यांत तिनं उच्चारलेला नवा शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले आणि परत येऊन तिला म्हटलं, "बकरीचं आता काय करायचं? रुसली असेल." तिनं डाव्या हातानं बकरीला टाटा केलं.

उजवा हात मात्र मूठ वळून उशीवर पडलेला असायचा. त्याच हातानं तिनं जन्मभर टाइप केलं. चहाला उशीर झाला की टेबलावर बोटं वाजवायची, करंगळीपासून अंगठ्याकडे, टर्रर्र-टक. मी दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "आणते गं बाई, पाणी तर उकळू दे!" आता त्या मुठीत कापडाची गुंडाळी ठेवावी लागायची, नाहीतर नखं तळव्यात रुतायची.

पहिल्यांदा खटकलं ते पाणी. एके सकाळी साध्या पाण्याचं भांडं घेऊन गेले तर पाणी टेपला बरोबर टेकलेलं. कमीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेपच्या वर.

सकाळी ताईला पुसायला, कूस बदलायला एक बाई येते. पाय आपटत चालते म्हणून तिला मी मिलिटरी म्हणते. तिला विचारलं, "तू पाणी घातलंस?"

"कशात?"

"टाकीत."

"आजी, मी त्या टाकीकडे बघत पण नाही. मला ते किडे आवडत नाहीत."

"किडे नाहीत, मासे आहेत ते."

"मासे असे उभे असतात होय? तुम्ही काहीही सांगता."

टेप घसरली असेल म्हणून मी पात्यानं काचेवर चरा पाडला. पाणी चऱ्याच्याही वर गेलं. मग खारेपणा मोजला. कोणी साधं पाणी घातलं असतं तर काटा खाली आला असता. काटा जागच्या जागी. म्हणजे पाणी वाढलं नव्हतंच. पाणी नुसतं वर चढलं होतं. भांड्यात काही बुडवलं की चढतं तसं. दगड ठेवताना मी हे बघितलंच होतं. मूठभर दगड आत गेले आणि तेवढं पाणी वर आलं.

आता चढलं होतं तेही साधारण मुठीएवढंच.

मी हसले आणि चहा टाकला. म्हातारपणी माणूस पाण्याचा हिशेब मांडत बसतं, दुसरं काय.

३

समुद्रघोडा कधी मोकळा राहत नाही. शेवाळ, गवत, फिल्टरची नळी, दुसऱ्याची शेपटी, काहीतरी धरून असतो. त्या दिवशी खाणं घालताना पाहिलं तर गवतावर कोणी नाही. सगळे टाकीच्या मधोमध, उघड्या पाण्यात. शेपट्या घट्ट वळलेल्या. प्रत्येकीच्या वेटोळ्यात मधे जागा होती, गोल, आणि त्या जागेत काहीच नव्हतं.

मी चष्मा पुसला. शेवाळाचा दोरा असेल, कोळ्याचं जाळं असेल. फिल्टरची हवा वाढवली. पाणी घुसळलं, गवत वाकलं. घोडे आपापल्या जागी हलले, वाऱ्यात दोरीवरचे कपडे हलतात तसे. पण सुटला एकही नाही.

खारेपणा मोजायच्या सामानात एक काचेची कांडी होती. ती मी पाण्यात घातली आणि हळूच त्यांच्यामधल्या मोकळ्या पाण्यात खुपसली. कांडी अडली नाही. पण मऊ लागलं. पीठ भिजवून ठेवलं की झाकणाखाली लागतं तसं.

"आई गं," मागून ताई म्हणाली.

मी वळले. ती डोळे विस्फारून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. त्या हातात सुई टोचली तरी तिला कळत नसे. डॉक्टरांनी माझ्यासमोर टोचून पाहिली होती.

"काय झालं ताई?"

"टोचलं," ती म्हणाली.

कांडी मी धुऊन पुसून कपाटात ठेवली. टाकीवर टॉवेल टाकला. दुपारपर्यंत ताईनं "बारके, बारके" करून माझं डोकं खाल्लं, तेव्हा काढला.

४

मग मूठ उघडली. एका सकाळी मी कापडाची गुंडाळी बदलायला गेले तर ती गादीवर पडलेली आणि ताईचा पंजा उशीवर मोकळा, बोटं सैल, झोपलेल्या लेकरासारखी. मी तो हात गालाला लावला. थंड होता आणि ओला. बोटांची टोकं सुरकुतलेली, धुणं धुऊन उठलं की होतात तशी. मनगटाभोवती पांढुरकी रेघ. मी तिला जीभ लावली. खारट.

घाम, असं मी स्वतःला सांगितलं. घाम खारटच असतो. मूठ उघडल्याचा आनंद इतका होता की त्यापुढे मी काहीही मान्य केलं असतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चांगलं लक्षण आहे, कधी कधी येते थोडी हालचाल. मी मिलिटरीला लाडू आणून दिला.

"हात सुधारला हे खरं," लाडू खाता खाता ती म्हणाली, "पण आजी, यांना उचलायला आता दोघी लागत नाहीत. मी एकटीच वळवते. हलक्या झाल्यात."

"खात नाही ना नीट."

"खातात की. मीच भरवते." तिनं हात झटकले. "खाणाऱ्या माणसाचं असं वजन जातं होय?"

त्याच आठवड्यात टाकीच्या काचेवर पांढरे, केसासारखे तंतू दिसायला लागले. आणि ताईच्या उजव्या हातावर लाल गांधी उठल्या. मी गादी उन्हात टाकली, ढेकूण शोधले, मिलिटरीचे हातमोजे बदलले. गांधी वाढतच गेल्या. शेवटी तंतूंचा फोटो काढून फुगामाशाकडे गेले.

"हायड्रॉइड," त्यानं गाल फुगवले. "आर्टेमियाच्या पाण्यातून येतात. डंख मारतात हो ते. पिल्लं मरतात त्यांनी. जंतांचं औषध देतो, अगदी चिमूटभर टाका." मग म्हणाला, "तुम्ही हात घालता का टाकीत? उघड्या हातानं घालू नका. पुरळ उठेल."

"मी नाही घालत," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी औषध उचलून निघाले.

औषध टाकलं. तंतू गळून गेले. ताईच्या हातावरच्या गांधीही गेल्या, कुठलंही मलम न लावता. त्या दिवशी चहाला थोडा उशीर झाला. गाळणी शोधत होते. खोलीत आले तर टाकीतले घोडे एका कमानीत बसलेले, आणि एकामागून एक वर-खाली होत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे. थांबायचं, पुन्हा. पलीकडच्या टोकाशी करंगळी, अलीकडे अंगठा.

"आणते गं बाई," माझ्या तोंडून निघून गेलं. टाकीकडे तोंड करून.

५

ताईची लेक परगावी असते. पोर वाईट नाही. ती आली, आईजवळ बसली, आईचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला.

"मावशी, किती गार आहे! आणि वजन बघ आईचं. नुसती चादर उचलल्यासारखं वाटतं." मग पदर नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्याकडे एक संस्था आहे. चोवीस तास नर्स असतात. रविवारी मी गाडी घेऊन येते."

"तिथं भिंती कशा आहेत?"

"काय?"

"हिच्यासमोर काय असेल तिथं? कुठली बकरी?"

"मावशी, तुझंही वय झालंय गं."

"माझ्या वयाचं माझं मी बघते. तू तुझ्या गाडीचं बघ."

ती रडली. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मी परत घेत नाही. तिचं चुकत नव्हतं हेच मला टोचत होतं. ताई माझ्या डोळ्यांसमोर कमी होत होती. ती संस्थेत जाऊन जगली तर मी तिला अडवणारी कोण? आणि हे जे काही चाललं होतं, ते टाकीमुळे असेल तर टाकी बंद करायला हवी होती.

लेक गेली त्या दुपारी मी बादलीत टाकीतलंच पाणी घेतलं आणि पेल्यानं एकेक घोडा उचलायला सुरुवात केली. शेपट्या सुटत नव्हत्या. बोटानं हळूच सोडवाव्या लागत होत्या. प्रत्येक सुटली की मागे पलंगावर ताईचा श्वास अडायचा. मी मागे पाहिलं नाही. मोटार उघडल्यावर मधे थांबायचं नसतं.

शेवटचे दोन-तीन राहिले तेव्हा ती बोलली. "पडते."

"गादीवर आहेस ताई. कुठं पडतेस?"

"पडते गं. पडते." उजवा हात पुन्हा मूठ होऊन आवळला होता, नखं तळव्यात गेली होती. लहानपणी विहिरीच्या काठाशी माझा हात धरून उभी राहायची तेव्हाही ती इतकी घाबरलेली मी पाहिली नव्हती. "धर. धर मला."

मी डावा हात धरला. तिनं मान हलवली. तो नाही.

बादली मी परत टाकीत ओतली. घोडे क्षणभर भरकटले. मग खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं, काचेवर पडलं, आणि ते एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसले. आता फक्त पंजा नव्हता. मनगटाशी एक. त्याच्या वर दोन. कोपर होतं तिथं एक, काचेला अगदी चिकटून. खांदा वर यायला बघत होता आणि पाण्यात जागाच नव्हती. दोन बादल्यांच्या पेटीत अख्खं माणूस कसं मावणार? दुमडलेलं, कोंबलेलं, मान वाकवलेलं काहीतरी त्यांनी धरून ठेवलं होतं. मी डोळे मिचकावले आणि तिथं घोडे आणि ऊन, एवढंच होतं.

पाणी टाकीच्या काठाला लागलं होतं. टेबलावर एक थेंब ओघळला.

मी ताईजवळ बसले. तिची मूठ सुटली होती. कपाळ पुसलं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग रडतेस का?"

"अवघडलंय." पलंग एवढा रुंद, तिघी झोपतील असा. चारी बाजूंना उशा. तिचे पाय सरळ पसरलेले. "जागा नाही गं."

"लेकीकडे जायचंय? तिथं नर्स आहेत."

तिनं डोळ्यांनी "नाही" केलं.

"इथंच राहायचंय?"

"हं."

"इथंच म्हणजे कुठं, ताई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, धाकट्या बहिणीला साधी गोष्ट समजत नाही म्हणून थोरली पाहते तसं. मग तिनं डोळे टाकीकडे वळवले आणि अर्ध्या तोंडानं हसली.

डोकं सांगत होतं, म्हातारे, तू एकटी राहून राहून खुळावली आहेस. डोकं जे सांगतं ते मी ऐकते, पण माझ्या हातांनी आजवर डोक्यापेक्षा जास्त मोटारी चालू केल्यात. हातांना त्या कांडीचा मऊपणा आठवत होता.

मी शिवणाची टेप घेतली आणि ताईचं माप घेतलं. कुशीवर, गुडघे थोडे जवळ घेऊन, उशीसकट.

६

"एवढी मोठी?" फुगामासा म्हणाला. "काकू, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला. मोठ्या टाकीत खाणं पांगतं. हे शोधत फिरणारे मासे नाहीत."

"फिरायची गरज नाही त्यांना. सगळे एकाच ठिकाणी धरून असतात."

"काय धरून?"

"तुम्ही टाकी द्या. काच जाड घ्या. आणि मीठ भरपूर."

त्यानं टाकी शनिवारी पाठवली. दोन माणसांनी उचलून आणली आणि मी दाखवलं तिथं, पलंगाला लागून, लोखंडी घोडीवर ठेवली. मी लेव्हल लावून पाहिली. सूतभरही कलता कामा नये. एकानं घाम पुसत विचारलं, "मावशी, शार्क पाळणार का?" मी म्हटलं, "तुझ्यासारखा गप्पिष्ट मिळाला तर पाळीन," आणि दोघांना सरबत देऊन वाटेला लावलं. मिलिटरीला सकाळीच सुट्टी दिली होती. जाताना ती दारात घुटमळली. "आज मी ह्यांना वळवलंच नाही आजी," ती म्हणाली. "चादर उचलली की मला..." मग पाय न आपटता ती जिना उतरून गेली.

नवं पाणी तयार व्हायला वेळ लागतो. मीठ टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. त्यात हवा सोडून ठेवायची, सगळं विरघळून पाणी काचेसारखं स्वच्छ झालं, काटा बरोबर जागी आला, उष्णता जुन्या पाण्याएवढी झाली, की मगच जीव आत सोडायचा. घाई केली तर त्यांना सोसत नाही. मोठा पंप मी आधीच उघडून ठीक केला होता. एवढ्या मोठ्या टाकीवर त्याचा आवाज ताईच्या श्वासापेक्षाही हळू येत होता.

लेकीचा फोन आला. "उद्या सकाळी निघते मावशी. आईचं सामान भरून ठेव."

"सामान काही लागणार नाही तिला," मी म्हटलं. "तू सावकाश ये. गाडी जपून चालव."

फोन ठेवला. बाह्या वर सारल्या. साबण न लावता, नुसत्या पाण्यानं हात कोपरापर्यंत धुतले आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं. जुन्या टाकीत हात घातला, तळवा वर करून, घोड्यांच्या मधे. पाणी काठावरून सांडून माझ्या पायांवर आलं. क्षणभर काही नाही. मग माझ्या तळव्यावर वजन आलं. गार, मऊ, ओळखीचं. तर्जनीवर टायपिस्टच्या बोटाला पडतो तसा घट्टा. घोड्यांच्या शेपट्या माझ्या बोटांनाही चाचपू लागल्या, रेशमाच्या धाग्यासारख्या.

मी पलंगाकडे पाहिलं. उशीवर ताईचं डोकं होतं, केस मी सकाळी विंचरलेले. डोळे माझ्याकडे होते आणि हसत होते. हनुवटीच्या खाली चादर अगदी सपाट होती, नुकत्याच घातलेल्या बिछान्यासारखी.

तळव्यावर बोटं वाजली. करंगळीपासून अंगठ्याकडे. टर्रर्र-टक. पुन्हा.

"आणते गं बाई," मी म्हटलं, आणि मोठ्या टाकीतल्या पांढऱ्या पाण्याकडे बघितलं. "जरा थांब की. मीठ तर विरघळू दे."